फवारणी पंपाचा लिथियम पॅक मधेच बंद पडतो, चार्जरला लावला की चालू होतो: बीएमएस बदलण्याआधी हे तपासा

टोमॅटोवर फवारणी चालू आहे, पाठीवर चौथा-पाचवा पंप (म्हणजे भरलेली टाकी), आणि मोटार एकदम थांबते. धार बारीक होत नाही, आवाज जड होत नाही; कुणी बटण बंद करावं तशी थांबते. घरी आणून चार्जरची पिन लावली की पॅक लगेच जिवंत होतो, नेहमीपेक्षा लवकरच चार्जरचा दिवा हिरवा होतो, आणि दुसऱ्या दिवशी चौथ्या पंपाला पुन्हा तेच. नाशिकच्या दिंडोरी रोडवरच्या माझ्या दुकानात पावसाळा सुरू झाला की ही तक्रार घेऊन गिरणाऱ्यापासून पिंपळगावपर्यंतची माणसं येतात. बहुतेक पॅक आधी कुठेतरी उघडलेले असतात. आत नवाकोरा बीएमएस (सेलवर लक्ष ठेवणारं संरक्षण सर्किट) बसवलेला असतो आणि दुखणं जिथल्या तिथे असतं.

पैसे जातात, ऐन फवारणीत दिवस जातो, आणि शेवटी कंटाळून माणूस म्हणतो, "ते सर्किट काढून डायरेक्ट करून टाका." त्या एका वाक्याची मला काळजी वाटते, म्हणून हे सविस्तर लिहितो आहे.

पहिली खूण तर थांबण्याच्या तऱ्हेतच आहे. जुनी १२ व्होल्टची लेड ॲसिड बॅटरी संपत आली की मोटार रेंगाळायची, धार पडायची. लिथियम पॅक झटक्यात थांबतो, कारण त्याला बीएमएस थांबवतो. बीएमएस म्हणजे सेलच्या गठ्ठ्यावर चिकटवलेली ती सर्किटची छोटी पट्टी, म्हणजेच बोर्ड. ती प्रत्येक सेलचा व्होल्टेज वेगळा मोजते, बाहेर जाणारा करंट मोजते, चांगल्या बोर्डात तापमानही मोजते, आणि यातलं काहीही हद्दीबाहेर गेलं की निगेटिव्हच्या वाटेतले मॉसफेट, म्हणजे इलेक्ट्रॉनिक स्विच, बंद करते. मॉसफेटच्या दोन जोड्या पाठीला पाठ लावून बसवलेल्या असतात. मॉसफेटच्या पोटात एक डायोड (एकाच दिशेने करंट जाऊ देणारा भाग) असतोच, त्यामुळे एक मॉसफेट एकाच दिशेचा करंट अडवू शकतो. एक जोडी डिस्चार्ज तोडायला, दुसरी चार्जिंग तोडायला. चार्जर लावला की पॅक "जिवंत" होतो तो याचमुळे: चार्जर आल्याचं कळलं की बीएमएस कुलूप उघडतो.

तर प्रश्न असा विचारायचा: बीएमएसने नेमकं काय पाहून कुलूप लावलं? बोर्ड बिघडला असं धरून चालू नका. माझ्या टेबलावर आलेल्या पॅकमध्ये बोर्ड स्वतः मेलेला फार थोड्या वेळा निघाला. बहुतेक वेळा त्याने बरोबरच काम केलेलं असतं.

मीटर कुठे लावायचा

साधा डिजिटल मल्टिमीटर पुरतो. आधी हातातली अंगठी, कडं काढून ठेवा. सेल आणि बोर्ड यांच्या मधल्या भागाला कुठलंच संरक्षण नसतं. बीएमएस शॉर्टपासून वाचवतो तो त्याच्या बाहेरच्या बाजूला; आतल्या बाजूला पकड आडवी पडली तर शेकडो ॲम्पिअर वाहतात आणि सेल एकमेकांना जोडणारी निकेलची पट्टी लाल होते.

पॅक बंद पडलेल्या अवस्थेतच मोजा, चार्जरला लावण्याआधी. चार्जर लावलात की पुरावा पुसला जातो. बोर्डावर बी-मायनस आणि पी-मायनस अशी दोन टोकं छापलेली असतात. सेलचा पॉझिटिव्ह आणि बी-मायनस यांच्यात मिळतो तो सेलचा खरा व्होल्टेज. पॉझिटिव्ह आणि पी-मायनस यांच्यात मिळतो तो पंपाला मिळणारा. पहिला ११ व्होल्ट आणि दुसरा एखादा व्होल्ट किंवा शून्य, याचा अर्थ बीएमएसने तोडलं आहे. दोन्ही सारखे दिसत असतील आणि तरी मोटार फिरत नसेल, तर पॅक सोडा. स्विच, वायर, कनेक्टर, मोटार बघा.

तोडलेलं दिसलं की मग बॅलन्स वायरच्या (प्रत्येक सेलगटापासून बोर्डाकडे जाणाऱ्या बारीक वायरींच्या) पिनांवर प्रत्येक सेलगटाचा व्होल्टेज वेगळा घ्या. खरी माहिती इथे मिळते. आपल्याकडच्या पंपांत लिथियमच्या दोन रसायनांचे पॅक येतात. एनएमसी सेल तीन सिरीजमध्ये, म्हणजे पूर्ण भरल्यावर ४.२ गुणिले तीन, १२.६ व्होल्ट. नाहीतर एलएफपी सेल चार सिरीजमध्ये, ३.६५ गुणिले चार, १४.६ व्होल्ट. एनएमसीचा सेल साधारण २.५ ते २.८ व्होल्टच्या खाली गेला की बोर्ड तोडतो. मोटार थांबल्यावर सेल थोडा सावरतो, त्यामुळे मीटरवर २.७ ऐवजी ३.१ वगैरे दिसेल. त्याने फसू नका. आकडा किती यापेक्षा गटागटांत फरक किती ते बघा.

नानांचा पॅक

गिरणाऱ्याच्या एका नानांचा पॅक मागच्या हंगामात तिसऱ्यांदा आला. आधी दुसरीकडे दोनदा बीएमएस बदलून झाला होता. नाना टेकून बसले आणि म्हणाले, "अरे पोरा, ते काय असंल ते काढ ना बाहेर, डायरेक्ट जोडून दे. टोमॅटो वाट पाहणारे का माझी?" मी म्हटलं, "नाना, आज राहू द्या माझ्याकडे, आधी मोजतो."

तीन सिरीज, पाच पॅरलल, म्हणजे पाच-पाच सेलचे तीन गट, एकूण १५ सेल, १२.५ अँपिअर-तासांचा पॅक. मीटरवर आलं: ४.०२, ४.०१, ३.११. एकूण ११.१४ व्होल्ट. बाहेरून बघणाऱ्याला हा पॅक निम्म्याहून जास्त भरलेला वाटेल. पण दोन गट जवळजवळ पूर्ण भरलेले आणि तिसरा तळाला. चार्जिंगला लावला की भरलेले दोन गट आधी वरच्या हद्दीला टेकतात, बीएमएस चार्जिंग तोडतो, दिवा लवकर हिरवा होतो. वापरताना तिसरा आधी रिकामा होतो, बीएमएस डिस्चार्ज तोडतो. दोन्ही लक्षणांचं कारण एकच, तिसरा गट. "चार्जर लवकर हिरवा होतो" असं कुणी सांगितलं की माझा पहिला संशय आता असंतुलनावर जातो.

मग तुम्ही म्हणाल, बीएमएस बॅलन्स करतो ना, म्हणजे सगळे गट एका पातळीला आणतो ना? करतो, पण किती? साध्या बोर्डात भरलेल्या सेलवर एक रेझिस्टर लागतो आणि तीस-चाळीस, फार तर शंभर मिलिअँपिअर जाळतो, तेही सेल ४.२ च्या जवळ आल्यावरच. आठ-नऊ अँपिअर-तासांचा फरक ४० मिलिअँपिअरने भरून निघायला दोनशे तास लागतील. रात्री चार्जिंगला लावून सकाळी काढणाऱ्या पॅकला तेवढा वेळ कधीच मिळत नाही.

तिसरा गट वेगळा काढून ४.१८ व्होल्टपर्यंत भरला, लोड लावून त्याची क्षमता मोजली, ती इतर दोन गटांच्या तोडीस तोड निघाली. म्हणजे सेल म्हातारे झालेले नव्हते. पुन्हा भरून सहा दिवस बाजूला ठेवला. ४.१८ चे ४.०७ झाले, बाकीचे दोन होते तिथेच. कुणीतरी करंट पीत होतं. आधी बोर्डावरचा बॅलन्सचा ट्रान्झिस्टर अडकला असेल असं वाटलं, म्हणून बॅलन्सचा सॉकेट बोर्डातून उपसला आणि पुन्हा सहा दिवस वाट पाहिली. तरी घसरण तेवढीच. आता सेलच आतून गळतो असं धरून मी पाचही सेल बदलायला निघालो होतो. पण नव्या सेलचा खर्च नानांना सांगायच्या आधी एक शेवटची गोष्ट केली: बॅलन्स वायर थेट सेलच्या पट्टीपाशी तोडली. सहा दिवसांनी मोजलं, ४.१७. घसरण थांबली.

वायरच्या टोकाचा तो पांढरा सॉकेट भिंगाखाली धरला. दोन पिनांच्या मधे निळसर-हिरवा खडबडीत थर, खाचेत बसलेला, बाहेरून दिसणार नाही असा. नाना द्राक्षाच्या बागेत मोरचूद आणि चुन्याचा बोर्डो याच पंपाने कडेकडेला मारायचे. टाकीच्या झाकणातून सांडलेलं पाणी वायरीवरून ओघळून खाली बॅटरीच्या कप्प्यात यायचं. तांब्याच्या क्षाराचा ओलसर थर वीज वाहतो. तोडलेल्या सॉकेटच्या त्या दोन पिनांमध्ये मीटरने सुमारे ४०० ओहम दाखवले. ३.७ व्होल्टला म्हणजे नऊ मिलिअँपिअर, चोवीस तास, बाराही महिने. महिन्याला साडेसहा अँपिअर-तास, पॅकच्या निम्म्याहून जास्त, एकाच गटातून. दोनदा बोर्ड बदलला, पण दोन्ही वेळा जुन्या वायरचा तोच सॉकेट नव्या बोर्डात खोचला गेला.

म्हणून आता पॅक उघडला की मी बोर्डाआधी सॉकेट बघतो. बोर्डो किंवा कॉपर ऑक्सिक्लोराइड मारणाऱ्या पंपात तर नक्कीच. निकेलच्या नावाखाली मिळणारी पट्टी पुष्कळदा आत लोखंडाचीच असते, वर निकेलचा मुलामा. ती ओरखडली की मोरचूद तिथे लोखंड खातो आणि तांबं बसवतो. पट्टीवर तांबूस डाग दिसला तर ती पट्टी बदला.

सॉकेट स्वच्छ असूनही एकच गट पुन्हा पुन्हा मागे पडत असेल, तर त्या गटातला एखादा सेल गेला आहे. लोडवर बघा: पंप चालू ठेवून तिन्ही गट मोजा. दोन गट दहा-वीस मिलिव्होल्टने खाली येतात आणि एक अर्धा व्होल्ट कोसळतो, तर त्याचा आतला रोध वाढलाय किंवा त्यातल्या एखाद्या सेलचा स्पॉट वेल्ड सुटलाय. पट्टी हलकेच उचलून बघा. सुटलेला वेल्ड हाताला कळतो.

सकाळी चालतो, दुपारी तोडतो

गट सगळे सारखे, ३.८ च्या आसपास, तरी मधेच बंद. बटण बंद करून पुन्हा चालू केलं की लगेच चालतो. हा करंट जास्त गेल्याचा प्रकार. साधा एक मोटारचा पंप दोन ते चार अँपिअर घेतो, डबल मोटारचा त्याच्या दुप्पट, आणि सुरू होतानाचा झटका त्याहून मोठा. नोझलची जाळी तुंबली, प्रेशर स्विच अडकला की मोटार दाबाविरुद्ध झगडते आणि करंट चढतो. बॅटरीला हात लावण्याआधी जाळी धुवा. अनेकांचं काम तिथेच होतं.

पण दुपारचं कारण वेगळं आणि फार कमी जणांना माहीत असलेलं. स्वस्त बोर्डात करंट मोजायला वेगळा शंट (त्यासाठीच बसवलेला ठरलेल्या किमतीचा छोटा रोध) नसतो. मॉसफेटच्याच रोधावर पडणारा व्होल्टेज बघून बोर्ड अंदाज करतो. समजायला टॉर्च आणि पॉवर बँकेतलं एका सेलचं सर्किट घ्या. त्यातली डीडब्ल्यू०१ नावाची चिप मॉसफेटवर १५० मिलिव्होल्ट दिसले की तोडते. दोन मॉसफेटचा मिळून रोध ५० मिलिओहम असेल तर ही हद्द तीन अँपिअरला येते. मॉसफेट तापला की त्याचा रोध वाढतो. खूप तापलेला मॉसफेट थंड असतानाच्या दीडपट रोध दाखवू शकतो. म्हणजे तोच बोर्ड दोन अँपिअरलाच तोडायला लागतो. काळ्या प्लॅस्टिकचा कप्पा, एप्रिलचं ऊन, आत हवा नाही. इथे मात्र बोर्ड बदलणं रास्त आहे: नेहमीच्या करंटच्या किमान तिप्पट क्षमतेचा, शंट असलेला घ्या. छापलेल्या आकड्यावर विसंबू नका, बोर्डावर मॉसफेट किती आहेत ते मोजा.

इलेक्ट्रिक सायकल किंवा स्कूटरचा पॅक म्हसरूळकडे चढ लागला की तोडत असेल तर तर्क हाच. आणि पॅक कंट्रोलरला जोडता क्षणी ठिणगी उडून बंद होत असेल, तर कंट्रोलरमधले रिकामे कपॅसिटर एकदम करंट ओढतात आणि बीएमएसला तो शॉर्ट वाटतो. आधी एका रेझिस्टरमधून सेकंदभर जोडून कपॅसिटर भरू द्या, मग थेट जोडा.

चार्जर

लेड ॲसिडचा जुना चार्जर लिथियमच्या पॅकला लावू नका. पिन बसते, दिवा लागतो, पॅक भरतोही, म्हणून लोकांना वाटतं चालतंय. तो चार्जर १४.४ व्होल्टपर्यंत जातो. तीन सिरीजच्या पॅकला म्हणजे सेलमागे ४.८ व्होल्ट. रोज रात्री बीएमएस ४.२५ च्या आसपास तोडतो म्हणून काही होत नाही. पण व्होल्टेजवर थांबणं हे चार्जरचं काम आहे. बीएमएस फक्त ते चुकलं तर असतो. त्यालाच रोजचा ब्रेक केलात आणि एक दिवस चार्जिंगचा मॉसफेट गेला, तर मॉसफेट बहुधा शॉर्ट होऊन जातो, म्हणजे वाट उघडीच राहते. मग अडवायला कुणी नाही. चार्जरच्या लेबलवर १२.६ की १४.६ ते वाचा, आणि पॅकच्या प्रकाराशी जुळवा. पूर्ण भरल्यावर एकदा गट मोजा. एनएमसीचा एकही गट ४.२५ च्या वर दिसला तर तो पॅक वापरातून काढा.

चार्जिंग सुरूच होत नसेल तर तापमानाचा सेन्सर बघा. बहुतेक बोर्डांवर १० किलोओहमचा एनटीसी (गारठला की रोध वाढणारा सेन्सर) असतो, २५ अंशाला तेवढा रोध. त्याची वायर तुटली की बोर्डाला वाटतं कडाक्याची थंडी आहे आणि तो चार्जिंग अडवतो. थंडी खरीच असेल तर तो बरोबर अडवतो: शून्य अंशाखाली लिथियम सेल चार्ज केला की ॲनोडवर (सेलच्या आतल्या निगेटिव्ह पत्र्यावर) लिथियम धातूचा थर जमतो आणि तो पूर्णपणे परत विरघळत नाही. काही बोर्डांत ही हद्द ० अंशाला, काहींत ५ अंशांना लावलेली असते. निफाडच्या पट्ट्यात डिसेंबर-जानेवारीत पहाटे पारा पाचाच्या खाली उतरतो. पॅक रात्रभर उघड्या शेडमध्ये होता आणि पहाटे चार्ज होत नाही, तर उन्हं येईस्तोवर थांबा. बोर्ड बदलू नका.

डायरेक्ट करण्याबद्दल

बी-मायनस आणि पी-मायनस यांच्यात एक जाड वायर टाकली की पंप चालतो. पाच मिनिटांचं काम. मी ते करत नाही, आणि करून दिलेला पॅक कुणी आणला तर आधी ती वायर काढतो. नानांच्याच पॅकमध्ये ती वायर टाकली असती तर ३.११ चा गट शून्याकडे, मग उलट्या दिशेने गेला असता, कारण भरलेले दोन गट त्याच्यातून करंट ढकलत राहिले असते. सेल इतका खाली गेला की ॲनोडच्या तांब्याच्या पत्र्यातलं तांबं विरघळतं आणि पुढच्या चार्जिंगला भलत्याच जागी जमतं. आतल्या आत शॉर्ट तयार होतो. तो पॅक लगेच पेटेलच असं नाही. आठवड्याने, रात्री चार्जिंगला असताना, चाऱ्याच्या गंजीशेजारी पेटू शकतो. म्हणूनच दोन व्होल्टच्या खाली बरेच दिवस पडून राहिलेला सेल मी उठवत नाही. दोन ते अडीचमधला असेल तर क्षमतेच्या विसाव्या भागाएवढ्या करंटने तीन व्होल्टपर्यंत न्यायचा, समोर बसून, आणि कोमट लागला तरी थांबायचं.

२०२२ च्या एप्रिलमध्ये आपल्या नाशकातच कंटेनरमध्ये भरलेल्या इलेक्ट्रिक स्कूटर पेटल्या होत्या. त्या वर्षी देशभर आगी लागल्या आणि गाड्यांच्या बॅटरीसाठीचे एआयएस १५६ चे नियम कडक झाले, पहिला टप्पा १ डिसेंबर २०२२ पासून, दुसरा ३१ मार्च २०२३ पासून. फवारणी पंपाच्या पॅकला ते नियम लागू नाहीत. पाठीवर बांधायच्या वस्तूला नाहीत, हे मला नेहमी खटकतं. तसे नियम येत नाहीत तोवर ती काळजी दुरुस्ती करणाऱ्यालाच घ्यावी लागेल.

फुगलेला, आपटलेला, शून्याला गेलेला पॅक घंटागाडीत टाकू नका. कचरा दाबताना सेल फुटला तर गाडीच पेटते, आणि तिच्यावर माणसं काम करत असतात. २०२२ च्या बॅटरी कचरा नियमांनुसार बॅटरी बनवणाऱ्यांवर ती परत घेण्याची जबाबदारी आहे. टोकांना चिकटपट्टी लावून जिथून घेतला तिथे द्या, नाहीतर ई-कचरा घेणाऱ्याकडे.

परत जोडताना

नवी बॅलन्स वायर लावली की सॉकेट बोर्डात खोचण्याआधी पिना मोजा: बी-मायनसपासून पुढे ३.७, ७.४, ११.१ असे चढत्या क्रमाने आकडे आले पाहिजेत. एक वायर इकडची तिकडे झाली तर चिप त्या क्षणी जाते, आणि मग नवा बोर्डही जुन्यासारखाच वाटायला लागतो. तिन्ही गट वेगवेगळे भरून एका व्होल्टेजला आणूनच जोडा, बॅलन्सवर सोडू नका. गठ्ठा आणि बोर्ड यांच्यामध्ये बार्ली पेपर (वीज न वाहणारा जाड कागद) हवाच. सॉकेट कप्प्याच्या तळाशी नको, वर घ्या, आणि वायर खालून आत जाईल अशी वळवा, म्हणजे ओघळ आत येणार नाही. सॉकेटवर न्यूट्रल सिलिकॉन लावा. आंबट वास येणारं सिलिकॉन लावू नका, त्यातलं आम्ल तांबं खातं.

हंगाम संपल्यावर पॅक पूर्ण भरून किंवा रिकामा ठेवू नका. एनएमसीला सेलमागे ३.८ व्होल्ट ठीक. साधा बीएमएस स्वतःसाठी काही दहा मायक्रोअँपिअर घेतो, महिन्याला पन्नास मिलिअँपिअर-तासही होत नाहीत. ब्लूटूथवाला बोर्ड मात्र काही मिलिअँपिअर घेऊ शकतो. त्याचा पॅक दर महिन्याला बघावा लागतो.

नानांचा पॅक या सगळ्यासह जोडून दिला. बोर्ड दुसऱ्या दुकानातून बसवलेला तोच ठेवला, त्यात काही दोष नव्हता. एका चार्जिंगला वीसेक पंप होतात. टोमॅटो उरकल्यावर नाना ठेवणीसाठी घेऊन आले तेव्हा तिन्ही गट ३.८२ ला आणून दिले आणि महिन्याने परत आणायला सांगितलं. आणला. मोजलं: ३.८२, ३.८२, ३.८१.